सातबारा, स्थळ आणि मनावरचा भार

अलीकडे या सदराकडे आलेल्या पत्रांत ग्रामीण भागातील पत्रे बरीच आहेत. वरवर पाहता त्यांचा विषय लग्नाचा किंवा जमिनीचा असतो, परंतु पत्राच्या शेवटच्या ओळींत झोप लागत नाही, छातीत धडधडते, माणसांत मिसळावेसे वाटत नाही, अशी तक्रार हमखास येते. त्यांतील चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे वगळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील ३४ वर्षांचा शेतकरी आहे. बी.ए. झालो आहे. चार एकर जमीन, त्यातली दीड एकर बागायत, दोन म्हशी आणि घरात आई-वडील. कितीतरी स्थळे पाहिली, पण ‘मुलगा पुण्यात कंपनीत असता तर विचार केला असता’ हेच उत्तर मिळते. गावातल्या लग्नांत मी पंगतीला बसत नाही. सुरुवातीपासून भाताची बादली हातात घेऊन वाढायला उभा राहतो, म्हणजे कोणी शेजारी बसवून ‘तुझं कधी?’ असे विचारत नाही. आता एका मध्यस्थाने दोन लाख रुपये घेऊन बाहेरच्या जिल्ह्यातील मुलगी मिळवून देतो, असे सांगितले आहे. आई गळ्यातले मोडायला तयार आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही आणि आपल्यातच काहीतरी खोट आहे असे वाटू लागले आहे.

उत्तर : मध्यस्थाचे नंतर पाहू. आधी तुमच्या पत्रातल्या ‘खोट’ या शब्दाविषयी लिहितो, कारण तुमची झोप त्या शब्दाने उडवली आहे.

तुमच्या वयाच्या मुलांसाठी ज्या मुली पाहिल्या जातात त्या साधारणपणे १९९० च्या दशकात जन्मलेल्या आहेत. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. तुमच्या बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये हा आकडा ८०७ होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते, तो कायदा १९८८ चा. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. तरीही सोनोग्राफीची यंत्रे गावोगाव पोहोचली आणि ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या गेल्या नाहीत, त्यांची जागा आज मांडवात रिकामी दिसते आहे. ज्या पिढीने हे केले तिने त्याचा हिशेब स्वतः दिला नाही, तो तुमच्या पिढीच्या माथी आला आहे. हे मी तुमच्या सांत्वनासाठी सांगत नाही. जिथे मुलीच कमी आहेत तिथे काही मुलगे अविवाहित राहणारच, आणि जमीन थोडी, नोकरी नाही, घर गावात, अशांचा नंबर त्यात आधी लागतो.

दुसरे कारण जमिनीचे आहे. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होत गेल्या, विहिरी तेवढ्याच राहिल्या, आणि कांदा, सोयाबीन, कापूस यांचा भाव कोणत्या वर्षी पडेल याचा नेम राहिला नाही. मुलीचा बाप जेव्हा नोकरीवाला जावई मागतो तेव्हा तो दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला घरात येणारा पैसा मागत असतो. तुमचा स्वभाव, तुमचे कष्ट, तुमचे शिक्षण यांच्याकडे त्याची नजर पोहोचतच नाही, म्हणून त्याचा नकार हा तुमच्याविषयीचा निकाल समजू नका.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, मुंडावळ्या बांधून आणि घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. त्याची छायाचित्रे देशभर फिरली आणि पुष्कळ लोक हसले. मला त्या मोर्चात हसण्यासारखे काही दिसले नाही. त्या तरुणांनी एक गोष्ट मात्र नीट केली : एकेकट्याने घरात बसून सोसायची शरम त्यांनी चारचौघांत आणली आणि ती सगळ्यांची आहे हे दाखवून दिले. तुम्ही भाताची बादली घेऊन उभे राहता तेव्हा त्याच मांडवात त्याच कारणाने कामाला लागलेले आणखी दोन-चार जण असतील. त्यांच्याशी एकदा बोला.

आता मध्यस्थ. त्याला एक रुपयाही देऊ नका. पैसे घेऊन लग्न लावून द्यायचे आणि आठ-पंधरा दिवसांत मुलगी दागिन्यांसह निघून जायची, असे फसवणुकीचे गुन्हे मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात वारंवार नोंदले गेले आहेत. पण फसवणूक झाली नाही असे गृहीत धरले, तरी माझा आक्षेप उरतोच. जिच्या आई-वडिलांना तुम्ही पाहिलेले नाही, जिच्याशी तुमचे एकांतात बोलणे झालेले नाही, जिचे वय तुम्हाला कागदावरून ठाऊक नाही, अशी मुलगी पैसे मोजून घरी आणणे म्हणजे तिची खरेदी करणे होय. ती स्वखुशीने आली आहे की कोणी तिला विकले आहे, हे तुम्हाला कसे कळणार? आईचे डोरले त्यासाठी मोडू नये.

तुमच्या बाजूने करण्यासारखे काही आहे, आणि ते अवघड आहे. आपली जात-पोटजात, पत्रिका, ‘मुलीचे पहिलेच लग्न हवे’ अशा अटी तुमच्या घराने कितपत धरून ठेवल्या आहेत, हे आई-वडिलांबरोबर बसून एकदा स्पष्ट विचारून घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. पंचविशी-तिशीत पती गमावलेल्या किंवा घटस्फोट घ्यावा लागलेल्या स्त्रिया प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना पुन्हा संसार करायचा असतो आणि त्यांच्याही वाटेत हीच शरम आडवी येते. अशा स्थळाकडे नाइलाज म्हणून मात्र जाऊ नका. नाइलाजाने आणलेली बाई ते आयुष्यभर ऐकत राहते. तिच्या पहिल्या संसारातले मूल असेल, तर त्याला आपले म्हणण्याची तयारी असेल तरच पुढे जा. आणि कोणतेही स्थळ असो, येणाऱ्या मुलीला तुमच्या घरात काय मिळणार आहे, याचे उत्तर तयार ठेवा. ते उत्तर कसे असावे, हे पुढच्या पत्रातली मुलगी माझ्याहून चांगले सांगते.

झोपेविषयी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, कामात मन नाही, भूक मंदावली आहे अशी स्थिती असेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाऊन या. मराठवाडा आणि विदर्भातील शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये मानसिक आरोग्याचा प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यामुळे गावातील आशाताईंनाही अशा वेळी कुठे पाठवायचे हे ठाऊक असते. जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे लगेच जमत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. जगून काय करायचे, असा विचार मनात एकदा जरी येऊन गेला असेल तर हा फोन आजच करा आणि घरातल्या एका माणसाला तसे सांगून ठेवा.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील २३ वर्षांची मुलगी असून नर्सिंगचे शिक्षण पूर्ण केले आहे. शेतकरी मुलगा नको असे मी घरी सांगितले, तेव्हापासून मामा, आत्या सगळे मला शिष्ट, शहरी हवा लागलेली म्हणतात. ‘शेतकऱ्याचीच पोर आणि शेतकऱ्यालाच नाक मुरडते’ हे वाक्य मला रोज टोचते. माझी आई पहाटे साडेचारला उठते, धारा काढते, सगळ्यांचा स्वयंपाक करून नऊला खुरपायला जाते आणि संध्याकाळी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येते. वडिलांनी तिला विचारून कधी एक म्हैसही विकली नाही. मला तसे जगायचे नाही. मी चुकते आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या आईचा दिवस तुम्ही चार ओळींत लिहिला आहे आणि तुमच्या नकाराचे कारण त्यातच आले आहे. तुम्ही शेतीला नाक मुरडलेले नाही. शेतात राबायचे, पण घेण्या-विकण्याच्या निर्णयात बोलायचे नाही, हातात पैसा नाही आणि सातबाऱ्यावर नाव नाही, ही अट तुम्हाला मान्य नाही. ती कोणत्याही शिकलेल्या मुलीला का मान्य व्हावी?

शेतकरी चळवळीने हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला होता. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे केला. पुढे १९९२ मध्ये शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी करून दिली. ती वाट आजही आहे, तिच्यावरून चालणारे मात्र थोडे आहेत. तुमच्याकडे एखादे शेतकऱ्याचे स्थळ पुन्हा आले, तर सरळ नकार देण्याऐवजी तीन गोष्टी विचारून पाहा : माझी नोकरी चालू राहील का, माझा पगार माझ्या खात्यात राहील का, आणि लग्नानंतर जमिनीवर माझे नाव लागेल का? या प्रश्नांनी जे घर रागावते ते तुम्हाला आपोआप कळेल. जो मुलगा शांतपणे उत्तर देईल त्याला मात्र केवळ शेतकरी म्हणून नाकारू नका. त्यालाही याच समाजाने कोंडीत पकडले आहे, हे वरच्या पत्रावरून तुमच्या लक्षात येईल.

नातेवाइकांच्या बोलण्याचे म्हणाल, तर प्रत्येक वेळी वाद घालून स्वतःला दमवू नका. आईशी मात्र बोला. तिच्या आयुष्याविषयीची तुमची कळकळ तिच्या कानावर कदाचित ‘माझ्यासारखे जगणे हिला कमीपणाचे वाटते’ अशा अर्थाने पोहोचली असेल, आणि मामा-आत्यांपेक्षा ते दुखणे मोठे आहे.

प्रश्न : माझे वय ४८, माहेर सांगली जिल्ह्यात, सासर ठाण्यात. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. भावाने हक्कसोड पत्र तयार करून ठेवले आहे आणि ‘दिवाळीला आलीस की निबंधक कार्यालयात जाऊन सही करून टाकू’ असे तो म्हणतो. मी विचार करते एवढेच म्हणाले, तर वहिनीने फोन घेणे बंद केले आणि यंदा भाऊबीजेचे बोलावणेही आले नाही. आई काही बोलत नाही. मला जमिनीचा लोभ नाही, पण सहीचा विचार आला की छातीत धडधडते आणि हात गार पडतात. सही करून मोकळे व्हावे का?

उत्तर : धडधडीपासून सुरुवात करतो. तुमच्या वयात धडधडीला रक्तदाब, थायरॉईड, रक्तक्षय, पाळी जाण्याच्या काळातील बदल अशी अनेक शारीरिक कारणे असू शकतात. ती मनाची आहे असे ठरवून मोकळे होण्याआधी डॉक्टरांकडून ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्या. घरातील ताणाच्या नावाखाली बायकांची दुखणी वर्षानुवर्षे अंगावर काढली जातात.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. लग्न झाल्याने किंवा लग्नात खर्च झाल्याने हा हक्क जात नाही. तुमच्या आईचाही त्या मिळकतीत स्वतःचा वाटा आहे, हे भावाच्या कागदात दिसते का, ते तपासा. हक्कसोड पत्र एकदा नोंदले गेले की ते मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. फसवून किंवा दबावाने सही घेतल्याचे न्यायालयात सिद्ध करावे लागते आणि त्यात वर्षे जातात. त्यामुळे सणासाठी चार दिवस माहेरी गेले असताना, साडी-चोळीच्या ताटासोबत पुढे आलेल्या कागदावर सही करू नका. तो कागद ठाण्याला मागवा आणि भावाच्या ओळखीचा नसलेल्या वकिलाकडून वाचून घ्या. वडिलांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद झाली आहे का आणि फेरफारात तुमचे नाव आले आहे का, हेही पाहा. सातबारा ऑनलाइन पाहता येतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

परंतु तुमचा खरा प्रश्न जमिनीचा नाही, असे मला वाटते. आजवर माहेर तुम्हाला विनाअट मिळाले होते, आणि आता त्याला एक किंमत लावली गेली आहे. हे दुःख मोठे आहे. आपल्याकडे बहिणीने हक्क सोडला तर तिला थोर म्हणतात आणि मागितला तर घर फोडणारी म्हणतात. तिने सोडून दिलेल्या वाट्याचे आभारही कोणी मानत नाही, कारण तो तिचा होता हेच घराने कधी मनापासून मान्य केलेले नसते. म्हणून आधी ‘हा वाटा तुझा आहे’ हे भावाच्या तोंडून यावे, अशी अपेक्षा धरण्यात काही गैर नाही. त्यानंतर तुम्ही तो घ्या, ठेवा किंवा द्या.

भावाची बाजूही पाहायला हवी. आई-वडिलांचे आजारपण कोणी काढले, सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावावर आहे, शेत प्रत्यक्ष कोण कसते? या सगळ्याचा विचार करून सही आणि कोर्ट यांच्या मधले मार्ग निघतात. नाव लावून जमीन भावालाच कसू देता येते. थोडासा तुकडा ठेवून बाकीचा सोडता येतो. आई हयात असेपर्यंत कोणताही कागद करायचा नाही, असेही ठरवता येते, आणि तुमच्या बाबतीत मला हा शेवटचा मार्ग सर्वांत बरा वाटतो, कारण जमिनीवर नाव असणे हा तुमच्या आईचा आधार आहे आणि तिच्या गप्प बसण्यामागे भीती असू शकते. वहिनी फोन घेत नसतील तर भावाला हाताने पत्र लिहा. त्यात हिशेब मांडू नका. मला घाई नको आहे, मला तुमच्याकडे येत राहायचे आहे आणि आईचे काय हे आधी ठरवू, इतके लिहिले तरी पुरे.

प्रश्न : माझ्या २९ वर्षांच्या भावाला नैराश्यासाठी वर्षभर गोळ्या चालू आहेत आणि तो आता बराच सावरला आहे. घरचे म्हणतात की स्थळे येऊ लागली आहेत, तेव्हा गोळ्या बंद कर आणि कोणाला काही सांगू नकोस, लग्न झाले की सगळे ठीक होईल. नाशिकहून लिहिते आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. गोळ्या कधी आणि कशा कमी करायच्या ते त्याचे डॉक्टर ठरवतील. अचानक बंद केल्याने त्रास होतो आणि आजार उलटण्याचा धोका असतो. लग्न हा नैराश्यावरचा उपचार नाही, आणि येणाऱ्या मुलीला न सांगता परिचारिकेचे काम देण्याचा कोणालाही अधिकार नाही.

सांगायचे की नाही याविषयी : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय असते. त्यामुळे ती नातेवाइकांनी किंवा मध्यस्थांनी चारचौघांत सांगण्याची गोष्ट नाही. उपचारांनी आटोक्यात असलेले नैराश्य हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्नाला आड येत नाही, मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून केलेले लग्न पुढे न्यायालयात रद्दबातल ठरवून मागितले जाऊ शकते. म्हणून सांगायचे ते भावाने स्वतः, फक्त त्या मुलीला, पसंती झाल्यावर आणि सुपारी फुटण्याआधी सांगावे. कधी त्रास सुरू झाला, काय उपचार चालू आहेत, आज तो कसा आहे आणि डॉक्टर काय म्हणतात, एवढे पुरेसे आहे. तिला डॉक्टरांना भेटायचे असेल, तर त्याने तिला सोबत घेऊन जावे.